नळीतला डाग

१२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजा केली. पाटावर लाल कापड अंथरून फोल्करची बाराबोर बंदूक आडवी ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, शेजारणीच्या बागेतले झेंडू मागून आणले होते ते ठेवले. दिया दारात हाताची घडी घालून उभी. "आई, इम एर्न्स्ट? खरंच बंदुकीला कुंकू?" म्हटलं, कोल्हापुरात तुझ्या आजोबांच्या बंदुकीला दर दसऱ्याला कुंकू लागायचं आणि त्याच बंदुकीने ते उसातली रानडुकरं पाडायचे. तुझ्या बापाची बंदूक काय आकाशातून पडली? ती हसली आणि मोत्याला फिरवायला घेऊन गेली. मोत्या म्हणजे आमचा डाक्सहुंड, आखूड पायांचा शिकारी कुत्रा. जर्मनीतल्या या अख्ख्या गावाला त्याचं नाव नीट घेता येतं, माझं मात्र अठ्ठावीस वर्षांत कुणाला जमलेलं नाही.

पूजा उरकते तोच शिकारीच्या म्होरक्याचा, हेनिंगचा फोन. तीस नोव्हेंबरला हाक्याची शिकार ठरली आहे. फोल्करची लार्चच्या झाडाखालची जागा मला हवी असेल तर आधी नेमबाजीचा दाखला आणायचा. पन्नास मीटरवर पाच गोळ्या, पाचही जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात. गेल्या वर्षी नाही मागितला तो दाखला! गेल्या वर्षी फोल्कर नुकताच गेला होता, तेव्हा दया आली असेल. त्याच जागेवरून मी एका गोळीत डुकरीण पाडली, तेव्हा सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या. आता म्हणे यंदा मक्याचा पट्टा लार्चपर्यंत आला आहे, हाकारे तुझ्या अगदी जवळून जाणार. आणि दियाही हाकाऱ्यांत आहे ना. मी विचारलं, दाखला सगळ्यांना मागितलास की मलाच? म्हणाला, सगळ्यांना. मला खरं वाटत नाही.

१९ ऑक्टोबर

फोल्कर, तू आत्ता समोर असतास तर तुझं काही खरं नव्हतं.

ही बंदूक म्हणजे त्याचा अमेरिकन हट्ट. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. हिला रायफलसारखे आटे पाडलेले आहेत, म्हणजे छरे मारायचेच नाहीत, अंगठ्याएवढी एकच गोळी मारायची आणि आट्यांनी तिला फिरकी द्यायची. ठीक आहे. पण मग कपाटात गोळ्या कसल्या ठेवून गेलास? मऊ शिशाच्या, अंगावर तिरप्या कडा असलेल्या. त्या कडा गुळगुळीत नळीसाठी असतात, एवढं मलाही कळतं. आट्यांच्या नळीत असलं शिसं नुसतं खरवडून बसतं.

आज रेंजवर पाच गोळ्यांतली एक वर, एक खाली, दोन कागदाच्या कडेला, पाचवी कुठे गेली ते देव जाणे. शेजारच्या बाकावरचा एक जाडा गृहस्थ आपल्या दुर्बिणीला, वाऱ्याला आणि बाकाला शिव्या घालत होता. नाचता येईना अंगण वाकडं! मी हसू दाबलं.

घरी येऊन नळी घासली. राखाडी फडकी निघाली, मागून काळी. म्हणजे माझं बरोबर होतं. दोष गोळीचाच.

२१ ऑक्टोबर, सोमवार

बंदुकीच्या दुकानात गेले. काउंटरमागे दाढीवाला पोरगा. मी पुरतं सांगितलं: बारा बोर, आट्यांची नळी, रानडुक्कर, पन्नास मीटर, तांब्याची गोळी दाखव, शिसं नको. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "तुमचे यजमान गाडी लावताहेत का?"

यजमान गाडी कायमची लावून गेले, म्हटलं.

मग त्याने सॅबोची काडतुसं काढली. सॅबो म्हणजे गोळीला प्लॅस्टिकचा अंगरखा. आट्यांना अंगरखा धरतो, गोळी फिरते, नळीबाहेर पडल्यावर अंगरखा गळून जातो आणि आतली तांब्याची गोळी सरळ जाते. हे सगळं मला ठाऊक असूनही त्याने हळू हळू, शब्द तोडून समजावलं. वर पुन्हा, "पण हिचा धक्का फार बसतो. बायकांसाठी कमी दारूचा हलका लोड आहे, तो न्या." मी मुद्दाम भारी घेतली. खांदा माझा आहे.

२६ ऑक्टोबर

भारी सॅबो. खांदा काळानिळा झाला आणि गोल काही जमला नाही. पाचांतल्या तीन ताटात, पण दोन पार डावीकडे. आणि तिथले लक्ष्याचे कागद! मधला काळा गोल इतका फिकट छापलेला की डावा डोळा मिटून नेम धरला की तो विरघळूनच जातो. नळीच्या टोकावरची माशी नेमकी त्या गोलावर आणायची तर गोल दिसायला नको? तिथल्या माणसाला सांगितलं तर म्हणाला, गेली वीस वर्षं हाच छापखाना आहे. मग गेली वीस वर्षं तुम्ही लोक झोपलेले आहात, म्हटलं.

घरी बोल्ट काढून नळी खिडकीकडे धरली आणि आरपार पाहिलं. आटे फिरत फिरत पुढे जातात आणि मधोमध एक डाग. राखाडी, धुरकट. कुंकू! दसऱ्याला वाहिलेलं कुंकू नळीत गेलं असणार, आणि त्यावरून मी काडतुसं झाडली, ते भाजून बसलं. हे दियाला सांगायची सोय नाही. आयुष्यभर ऐकवेल.

संध्याकाळ नळी घासण्यात गेली. फडकी पांढरीशुभ्र निघताहेत आणि डाग तिथेच.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

सणासुदीला भांडण झालं.

साडी नेसले, काजळ घालायला आरशासमोर उभी राहिले. डाव्या डोळ्यात घालताना उजव्याने पाहिलं तर मागच्या दाराची चौकट मध्ये वाकलेली. नवा आरसा, दियानेच आणलेला. म्हटलं, कसला स्वस्तातला आरसा उचलून आणलास, काच लाटलेली आहे की पापड? ती आली, तिने आरशात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "आई, चौकट सरळ आहे."

"मला वाकडी दिसते आहे."

"गेनाऊ, तेच तर," म्हणाली. "आल्झो, आई, प्लीज. आउगेनआर्ट्स्टकडे जाऊ या. मी फोन करून टेर्मीन घेते."

डोळ्यांचा डॉक्टर! मला! सव्वीस वर्षं येनातल्या कारखान्यात भिंगं तपासली मी. ज्या ओरखड्यावरून यंत्र सरळ पुढे जायचं, तो मी नुसत्या डोळ्याने पकडायचे. नव्या पोरी यायच्या, त्यांना प्रत्येक भिंगात डाग दिसायचे. त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे: भिंग हातात फिरव. डाग भिंगाबरोबर फिरला तर भिंगाचा. जागचा हलला नाही तर तुझ्या डोळ्यातला. घरी जा, डोळे धुऊन ये. माझ्या हाताखालून गेलेलं एकही भिंग परत आलेलं नाही, आणि आता ही कालची पोर मला चौकट सरळ आहे म्हणून सांगते.

बोलायला नको ते बोलले. तूही त्यांच्यातलीच, म्हटलं. ती चकलीची बशी तशीच ठेवून उठली आणि येनाला तिच्या खोलीवर गेली. दिवे मी एकटीनेच लावले.

९ नोव्हेंबर

हेही लिहिणार.

हलका लोडही शेवटी आणला, कुणाला न सांगता. रेंजवर गेले तर हेनिंग तिथे हजर. माझ्या मागे उभा राहून पाचही गोळ्या बघितल्या. एकही ताटात नाही. मग भारी लोडच्या पाच, त्यातल्या दोन ताटात. म्हटलं, नळीत डाग आहे, गोळी आट्यांना धरत नाही.

"बघू," म्हणाला. माझ्याच बंदुकीत त्याने भारी सॅबोच्या तीन गोळ्या भरल्या, बाकावर कोपर टेकलं आणि झाडल्या. कागद आणायला स्वतः चालत गेला, परत येऊन तो माझ्यासमोर ठेवला. तिन्ही भोकं एका तळहाताखाली झाकली जातील एवढी जवळ.

त्याचं वजन शंभर किलो, त्याला धक्का काय जाणवणार! शिवाय कोपर टेकलेलं. तसं मीही मारेन. अर्थात मीही टेकलंच होतं, पण माझं कोपर त्या बाकाच्या उंचीला बसत नाही.

मग तो हळूच म्हणाला, "ऊर्मी, यंदा हाकाऱ्यांबरोबर चाल ना. नाहीतर सूप कर, तुझ्यासारखं सूप कुणालाच जमत नाही. आणि मला वाटतं तू एकदा डोळे—"

पुढे मी ऐकलं नाही. सूप! शिकारीचा परवाना माझ्याकडे एकोणीस वर्षं आहे. परीक्षेत मला फोल्करपेक्षा जास्त गुण होते. त्यातली सतरा वर्षं पुरुष झाडांखाली उभे राहिले आणि मी हेनिंगच्या कोठारात मटारचं सूप ढवळलं, कारण "ऊर्मीचं सूप!" पहिल्या वर्षी त्याच्या बायकोने विचारलं होतं, तुमच्याकडे बायकांना बंदूक धरू देतात का? आमच्याकडे! आधी मी परकी म्हणून जागा नाही, मग बाई म्हणून नाही, आता म्हातारी म्हणून नाही. दरवेळी कारण नवं आणि सूप तेच. हे सगळं मी त्याला तिथे, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगितलं. तो लाल झाला. म्हणाला, सुपाचं तुझं म्हणणं खरं आहे. डोळ्यांचं मात्र मी सुपासारखं तुला टाळायला बोललो नव्हतो.

त्याचा अर्थ काय लावायचा तो त्यानेच लावावा.

१६ नोव्हेंबर

बंदूक घेऊन पुन्हा दुकानात. या वेळी मालक होता, पिकल्या मिशांचा. त्याने नळीत छोटा दिवा सोडून बराच वेळ पाहिलं. "आरशासारखी आहे. अशी निगा मी दहा वर्षांत पाहिली नाही." म्हटलं, मधला डाग? "कुठला डाग?" मी त्याच्या हातातून बंदूक ओढून घेऊन पाहिलं. होता. पूर्वीपेक्षा मोठा होता! त्याला दाखवला. त्याने पुन्हा पाहिलं, मग माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं दियाने पाहिलं होतं.

सगळे मिळालेले आहेत एकमेकांना. आटे खराब झाले असं कबूल केलं तर दुरुस्ती करावी लागेल ना! तडक निघून आले. वाटेत रस्त्याच्या कडेच्या खांबाला बंपर घासला. असले खांब कोण लावतं कुणास ठाऊक.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दिया आली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. तिने काही काढलं नाही, मीही नाही. तिने मोत्याला आंघोळ घातली, मी पिठलं टाकलं. मग ती वर गेली आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बंदूक घेतली. हाक्याला आठवडा राहिला, दाखला नाही. आज हा डाग तरी काढायचाच म्हणून बसले. ब्रश, तेल, फडकी. पांढरी, पांढरी, पांढरी. बोल्ट काढला, दस्ता मांडीवर घेतला, उजवा डोळा लावला. डाग होता.

मग काय झालं ते जसं झालं तसं लिहिते. मांडीवर बंदूक नीट बसेना म्हणून मी ती कुशीवर वळवली. माशी वर होती ती बाजूला आली. आटेही वळले. डाग तिथेच.

पुन्हा वळवली. माशी खाली गेली. डाग तिथेच.

शंभर पोरींना मी हे शिकवलं आहे. स्वराली नावाची पुण्याची एक होती, ती रडली होती पहिल्या दिवशी. म्हटलं होतं, रडतेस काय, डोळे धुऊन ये.

मी उठले, डोळे धुतले. गार पाण्याने, साबणाने, डोळे चुरचुरेपर्यंत. परत येऊन बघितलं. मग डावा डोळा लावला, आयुष्यात पहिल्यांदा. नळीवाल्या कामाला मी कायम उजवाच लावत आले. आटे स्वच्छ, एकसारखे, खिडकीपर्यंत फिरत गेलेले. कुंकवाचा कण नाही. दुकानदार म्हणाला होता तशी, आरशासारखी. अंगण सरळच होतं.

इतका संताप आला, आणि काढायला समोर कुणी नाही. बंदूक पुसून कपाटात ठेवली. दियाला काही सांगितलं नाही. डावा डोळा शाबूत आहे. डाव्या खांद्यावरून नेम धरायला शिकणारे लोक असतात. आठवडा पुष्कळ झाला. नाहीतर दोन्ही डोळे उघडे ठेवून मारायचं, डुक्कर काही सुईएवढं नसतं. दाखल्याचं हेनिंगला पटवता येईल. त्याला सुपाची लाज वाटली आहे, तेवढ्यावर तो जागा देईल.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दिया बागेत होती. हाकाऱ्यांचं नारिंगी जाकीट आलं होतं ते घालून, मोत्यालाही त्याचा नारिंगी अंगरखा चढवून, पार टोकाच्या कुंपणापाशी. मला हात करून ओरडली, "आई! कसं दिसतं?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि डावा डोळा हाताने झाकला.

कुंपण होतं. नासपतीचं झाड होतं. वर आभाळ, खाली गवत. मधे थोडं धुकं, राखाडी, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी कुंपण. दिया नव्हती. एवढं भडक नारिंगी, मैलावरून दिसावं म्हणून शिवलेलं, आणि ते नव्हतं. तिचा आवाज मात्र येत होता. "आई? गूट?"

हात काढला. ती होती. परत झाकला. नव्हती.

काल मी जागा हेनिंगच्या लाजेवर मिळवायला निघाले होते. मक्यातून काहीतरी सळसळत येणार, मी बंदूक खांद्याला लावणार, आणि ऐन वेळी, सवयीने, डावा डोळा मिटणार. एकोणीस वर्षांची सवय. मिटलाच असता.

"छान दिसतेस," ओरडले. मग आत जाऊन हेनिंगला फोन केला. लार्चखालची जागा दुसऱ्या कुणाला दे म्हटलं. कारण विचारलं तर ओरडेन, असंही सांगितलं. त्याने विचारलं नाही. दियाला मात्र सगळं सांगितलं, कुंकवासकट. ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. हसली असती तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईने फोनवर मार्चमधली वेळ दिली. मार्च! दियाने माझ्या हातातून फोन घेतला आणि "रेषा वाकड्या दिसतात" एवढंच सांगितलं, तर म्हणाल्या आत्ता या. हेच मला आधी विचारायला काय झालं होतं?

उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली पाणी झिरपतं आहे. सुई घेतली. डोळ्यात सुई! दर महिन्याला घ्यायची आहे. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, जे आहे ते टिकेल. डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, महिनाभर आधी आल्या असतात तर. दियाने माझ्याकडे बघितलं नाही, तेवढे उपकार केले.

३० नोव्हेंबर, हाका

लार्चखाली हेनिंग स्वतः उभा राहिला, फोल्करची बंदूक घेऊन. काल न्यायला आला तेव्हा विचारत होता, गोळी कुठली घालू? भारी सॅबो, म्हटलं, तांब्याची, दुसरं काही घातलंस तर बंदूक परत घेऊन जाईन. नळीत डाग नाही, आणि नेम जरा उजवीकडे धर, एवढं माझ्या नेमबाजीतूनही कळलं आहे. त्याने काडतुसं खिशात टाकली.

मी नारिंगी जाकीट घालून हाकाऱ्यांच्या रांगेत. हे लोक काय, "हॉप, हॉप" करतात, गोगलगाय हाकल्यासारखं. मी ओरडले! पहिल्यांदा डुकरांवर ओरडले, मग मराठीत सुरू केलं ते थांबलेच नाही. हेनिंगला शिव्या घातल्या, त्याच्या सुपाला घातल्या, दाढीवाल्या पोराला घातल्या, आणि सगळ्यांत जास्त फोल्करला, की मला टाकून लवकर गेलास, जाताना कपाटात चुकीच्या गोळ्या ठेवून गेलास. आमच्या गल्लीतल्या सगळ्या शिव्या आठवल्या. मक्यातून पाच डुकरं नुसत्या आवाजाने निघाली. लार्चकडून एक बार झाला, एकच, आणि मग शांत.

हेनिंगने टोपीतली, जनावर पाडणाऱ्याला मिळते ती फांदी काढून अर्धी मोडली आणि माझ्यापुढे धरली. जखमी जनावर शोधून देणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला अशी अर्धी फांदी देतात. जनावर जागीच पडलं होतं, शोधायला काही नव्हतं. तरी घेतली. सूप त्यानेच केलं होतं. अळणी होतं. तसं त्याला सांगितलं.

परतताना दिया म्हणाली, "आई, रांगेत तू सारखी माझ्या उजवीकडे का येत होतीस? तुझी जागा पार पलीकडे होती."

तिला पूर्ण वेळ मी माझ्या डाव्या डोळ्याच्या बाजूला ठेवलं होतं.

"गप चाल," म्हटलं.